आईच्या अक्षमतेचा दाखला : बाबांच्या मृत्युपत्राच्या कामाच्या नोंदी

२ जून २०२३

बाबांच्या कपाटातल्या निळ्या फाइलीत मृत्युपत्र मिळालं. २०११ मध्ये केलेलं, टाइप केलेली तीन पानं, प्रत्येक पानावर बाबांची सही, शेवटी दोन साक्षीदार. त्यांतले एक हयात आहेत, बाबांचे जुने सहकारी. मजकूर सरळ आहे. घर, ठेवी, शेअर, सगळं आईला. एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे सगळं पार पाडणारी व्यक्ती, म्हणूनही एकट्या आईचं नाव. तिला जमलं नाही तर कोणी पाहायचं, हे लिहिलेलं नाही.

२०११ साली असं लिहिणं अगदी बरोबर होतं. तेव्हा घरातला पैशाचा सगळा व्यवहार आईच बघायची. कुठली ठेव कधी पुरी होते ते तिला वही न उघडता सांगता यायचं. २०१९ मध्ये तिला अल्झायमरचं निदान झालं. त्यानंतर बाबांनी चार वर्षं तिचं सगळं केलं, पण मृत्युपत्र बदललं नाही. सुचलं नसेल, किंवा तिचं नाव खोडायला हात धजला नसेल.

घर मुंबईत आहे. त्यामुळे १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे (कलम ५७ आणि आज, २०२३ मध्ये, लागू असलेलं कलम २१३) प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याची कोर्टाची मोहोर, घ्यावं लागणार. कलम २२२ प्रमाणे प्रोबेट मिळतं ते फक्त मृत्युपत्रात नेमलेल्या एक्झिक्युटरला. म्हणजे आईला.

७ जून

गेल्या चार दिवसांत तीन जणांनी एकच सल्ला दिला. "आईची सही येते ना अजून? मग घेऊन टाका. नोटरी ओळखीचा आहे." तिघंही आपली माणसं, भल्यासाठीच सांगणारी.

सही येते, हे खरं आहे. सुंदर येते. तिला आज वार कोणता ते सांगता येत नाही, पण हातात पेन दिलं की पूर्ण नाव, आडनाव, खाली ती छोटी रेघ, सगळं वीस वर्षांपूर्वीसारखं. म्हणूनच ही सही घ्यायची नाही असं ठरवलं आहे. ज्या कागदाचा अर्थ तिला कळत नाही त्यावर तिचा हात वापरायचा, हे मला करायचं नाही. कायद्यानेही ते टिकणार नाही. कोर्टापासून महत्त्वाची गोष्ट लपवून मिळवलेला हुकूम कलम २६३ खाली रद्द होऊ शकतो. दादाला फोन करून हे सांगितलं. तो म्हणाला, "तू म्हणशील तसं." आवाजात थोडा तुटकपणा होता. नंतर बोलू.

१४ जून

वकीलबाईंशी पहिली बैठक. दीड तास चालली. समजलं ते लिहून ठेवते.

कलम २२३ : वयाने अज्ञान किंवा विकल मनाच्या व्यक्तीला प्रोबेट देता येत नाही. म्हणजे पहिला दरवाजा बंद. कलम २३२ : नेमलेला एक्झिक्युटर कायद्याने असमर्थ असेल तर उरलेली सगळी मिळकत ज्याला दिली आहे तो पुढे येऊन, मृत्युपत्र जोडून, लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन (मृताच्या मिळकतीचा कारभार पाहण्याचं कोर्टाचं अधिकारपत्र) मागू शकतो. पण ती व्यक्तीही आईच, त्यामुळे तोही बंद. मग उरतं कलम २४६. एकमेव एक्झिक्युटर किंवा सगळी मिळकत मिळणारी एकमेव व्यक्ती अशा अवस्थेत असेल, तर तिच्या मिळकतीचा सांभाळ आधीच कोणाकडे सोपवलेला असल्यास त्याला, नसल्यास कोर्टाला योग्य वाटेल त्याला, तिच्या उपयोगासाठी आणि हितासाठी लेटर्स देता येतात. ती बरी होईपर्यंत. "बरी होईपर्यंत" हे शब्द वाचून मी थोडा वेळ गप्प बसले.

अर्जदार मी. दादा संमतीचं प्रतिज्ञापत्र देईल. आईही वारस आहे, त्यामुळे एरवी तिचीही संमती लागली असती, पण संमती द्यायलाही समज लागते. ती नाही म्हणून तिच्या वतीने बोलायला या प्रकरणापुरता पालक नेमून घ्यावा लागेल. दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश ३२, नियम १५. तो पालक मी असू शकत नाही, कारण अर्ज माझा आहे.

आईने २०१७ मध्ये माझ्या नावाने केलेलं कुलमुखत्यारपत्र मी सोबत नेलं होतं. वकीलबाईंनी वाचलं आणि परत दिलं. करार कायद्याचं कलम २०१ : लिहून देणाऱ्याचं मन विकल झालं की मुखत्यारपणा संपतो. म्हणजे ज्या दिवसासाठी आपण ते करून ठेवतो, नेमक्या त्याच दिवशी ते निकामी होतं. हे फार थोड्या घरांत माहीत असतं. मलाही नव्हतं.

निघताना त्या म्हणाल्या, "बाकी सगळं मी मांडते. पण हे सगळं डॉक्टरांच्या एका कागदावर उभं राहणार आहे. तो नीट आणा."

२१ जून

दाखला आणला. आईवर उपचार करणाऱ्या न्यूरॉलॉजिस्टकडे गेले, बाहेर पंचवीस माणसं बसलेली, मी म्हटलं, "कोर्टासाठी दाखला हवा आहे." त्यांनी लेटरहेडवर दोन ओळी लिहून दिल्या : रुग्णास अल्झायमर प्रकारचा डिमेन्शिया असून २०१९ पासून उपचार सुरू आहेत.

संध्याकाळी वकीलबाईंना फोटो पाठवला. पाच मिनिटांत फोन आला. "हा आजाराचा दाखला झाला. आपल्याला अक्षमतेचा हवा आहे."

२४ जून

तीन दिवस वाचन केलं आणि वकीलबाईंना फोनवर भरपूर प्रश्न विचारले. हा फरक एकदा नीट डोक्यात बसला की पुढचं सगळं सोपं होतं, म्हणून सविस्तर.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम ३ चं पाचवं पोटकलम आहे. एखाद्याला मानसिक आजार आहे एवढ्यावरून तो विकल मनाचा आहे असा अर्थ होत नाही, सक्षम कोर्टाने तसं ठरवल्याशिवाय. म्हणजे "अल्झायमर आहे" या वाक्यावर कोर्ट थांबू शकत नाही, आणि थांबूही नये. सुरुवातीच्या टप्प्यातला माणूस अनेक वर्षं स्वतःचे निर्णय नीट घेऊ शकतो. २०१९ मध्ये आई घेतच होती. निदानाच्या चिठ्ठीवरच हक्क जायला लागले असते, तर ती चार वर्षं आधीच घरात असून नसल्यासारखी झाली असती.

विचारायचा प्रश्न असा : हे एक विशिष्ट काम, आज, ही व्यक्ती समजून करू शकते का? त्यासाठी करार कायद्याच्या कलम १२ चे शब्द वकीलबाईंना उपयोगी वाटतात. करार करताना जी व्यक्ती तो समजू शकते आणि स्वतःच्या हितावर त्याचा काय परिणाम होईल याचा विचार करून मत बनवू शकते, ती शाबूत मनाची. डॉक्टर हेच चार पायऱ्यांत तपासतात. सांगितलेलं समजतं का, निर्णय होईपर्यंत लक्षात राहतं का, बरंवाईट तोलता येतं का, आणि ठरलेलं कोणत्याही मार्गाने सांगता येतं का.

आईलाच पाहिलं तरी हे दिसतं. खिडकी उघडी हवी की बंद, आज कोणी जवळ बसावं, कोणाचा आवाज नको, हे ती ठामपणे ठरवते आणि ते तिचंच असतं. ठेव मोडायची की ठेवायची, हे तिला ठरवता येत नाही. दाखल्यात दुसरी गोष्ट हवी आहे. पहिली पुसली जाता कामा नये.

तिचं अपंगत्वाचं प्रमाणपत्रही आहे, २०२१ चं. त्यात वापरतात त्या 'आयडियाज' मोजणीत स्वतःची निगा, माणसांशी वागणं, संवाद आणि आकलन, आणि काम अशी चार अंगं पाहून टक्केवारी काढतात. ते सोबत जोडायचं, पण टक्क्यांवरून या कामाचं उत्तर निघत नाही.

१ जुलै

डॉक्टरांना पत्र लिहिलं. पहिल्या वेळी मी नुसतं "कोर्टासाठी" म्हटलं होतं. कशासाठी ते कळलंच नाही तर ते तरी काय लिहिणार? वकीलबाईंनी मसुदा दोनदा तपासला. मुख्य भाग इथे ठेवते, दुसऱ्या कोणाला लागला तर सापडावा म्हणून.

"माझ्या वडिलांच्या मृत्युपत्रात आईला एक्झिक्युटर नेमलं आहे. एक्झिक्युटरला मृताची मालमत्ता ताब्यात घेणं, देणी फेडणं, उरलेलं हक्कदारांना देणं आणि कोर्टाला हिशेब देणं ही कामं शपथेवर करावी लागतात. आई हे काम काय आहे ते समजू शकते का, समजलेलं लक्षात ठेवू शकते का, ते स्वीकारायचं की नाकारायचं याचा विचार करून निर्णय सांगू शकते का, आणि या कोर्टप्रकरणात स्वतःच्या हिताचं रक्षण करू शकते का, याबद्दल आपलं मत हवं आहे. आपण तिला केव्हापासून तपासत आहात, निदान कशावरून केलं, या वेळी कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या भाषेत तपासलं, कोणते प्रश्न विचारले आणि तिने काय उत्तरं दिली, चाचणीचे गुण किती, आणि ही अवस्था पुढे सुधारण्याची शक्यता आहे का, हे दाखल्यात यावं अशी विनंती आहे. मत ती सक्षम असल्याचं आलं, तर तेही तसंच लिहावं."

शेवटचं वाक्य वकीलबाईंनी घालायला लावलं. ते बरोबर आहे. दाखला विकत घ्यायला आलेली माणसं आणि उत्तर शोधायला आलेली माणसं यांत फरक दिसला पाहिजे.

वेळ ओपीडीत न मागता वेगळी मागितली. ८ जुलै, सकाळी साडेदहा. आई सकाळी सर्वांत ताजी असते; उन्हं उतरली की गोंधळते. तिची परीक्षा तिच्या चांगल्या वेळेतच व्हायला हवी.

८ जुलै

तपासणी झाली नाही, आणि न झाली ते बरं.

दोन दिवसांपासून आई एकदम जास्त बिघडली होती. अंगावरचे कपडे ओढत होती, भिंतीशी बोलत होती, दिवसा झोप आणि रात्रभर जाग. मला वाटलं, आजार पुढच्या टप्प्यात गेला. डॉक्टरांनी पाच मिनिटं पाहिलं आणि विचारलं, "हे कधीपासून? अचानक ना?" मग लघवीची तपासणी करायला लावली. मूत्रमार्गात जंतुसंसर्ग निघाला. डिमेन्शिया हळूहळू उतरतो. असं दोन दिवसांत कोसळणं म्हणजे बहुतेक वेळा वर दुसरं काहीतरी बसलेलं असतं, त्याला डेलिरियम म्हणतात आणि कारण दूर केलं की ते ओसरतं. डॉक्टर म्हणाले, "आज मी दाखला दिला तर तो संसर्गाचा दाखला होईल."

प्रतिजैविकं सुरू. तीन आठवड्यांनी या म्हणाले. सोबत रक्तातलं बी-१२ आणि थायरॉइडही पुन्हा तपासून घ्या, कारण त्यांची कमतरताही स्मरणशक्तीवर परिणाम करते आणि ती भरून निघणारी असते. आणि श्रवणयंत्राची बॅटरी बदला. ऐकू न आल्यामुळे गेलेले गुण आजाराच्या खात्यावर मांडायचे नाहीत.

२७ जुलै

आज तपासणी झाली. बी-१२ आणि थायरॉइड ठीक आले होते. आई शांत, रात्रीची झोप झालेली, नवी बॅटरी घातलेली.

सगळं मराठीत झालं. आधी एमएमएसई, स्मरण आणि आकलन तपासणारी तीस गुणांची चाचणी. तारीख, वार, महिना, साल, ऋतू. आईने ऋतू बरोबर सांगितला, खिडकीकडे बघून, "पावसाळा." साल १९८८ सांगितलं. तीन शब्द म्हणून दाखवले, पाच मिनिटांनी विचारले तेव्हा तीन शब्द विचारले होते हेही आठवत नव्हतं. तीसपैकी अकरा.

मग घड्याळ काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला. वर्तुळ छान काढलं. आकडे एका बाजूला दाटले, डावीकडे जागा रिकामी राहिली. काटे तिने दहावर आणि अकरावर ठेवले. ऐकलेले आकडे तसेच कागदावर आले. दहा मिनिटं म्हणजे काटा दोनवर, हा मधला विचार झालाच नाही. डॉक्टरांनी तो कागद तारीख घालून दाखल्याला जोडायला बाजूला ठेवला.

मग त्यांनी एक कोरा कागद पुढे केला. "काकू, इथे सही कराल?" आईने लगेच केली. ती रेघही काढली. "ही सही कशासाठी केलीत?" आईने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "प्रगतिपुस्तकावर लागते ना. हिच्या."

इथवर ठीक होतं. पुढचं मला ठाऊक होतं आणि तरी त्याची तयारी नव्हती. डॉक्टरांनी आधीच बाहेर बोलावून सांगितलं होतं की, माहिती दिल्याशिवाय ती समजते का हे तपासता येत नाही. मृत्युपत्राबद्दल सांगायचं तर बाबा गेले हे सांगावं लागेल. घरी आम्ही ते सांगणं एप्रिलमध्येच थांबवलं होतं. दर वेळी तिला ते नव्याने कळायचं. मी विचारलं, "एकदाच?" ते म्हणाले, "एकदाच. आणि मी तसं लिहून ठेवेन, म्हणजे पुन्हा कोणी करायला नको."

त्यांनी खुर्ची जवळ घेतली, तिचा हात धरला आणि हळू, छोट्या वाक्यांत सांगितलं. "काकू, काका आता आपल्यात नाहीत. त्यांनी एक कागद लिहून ठेवला आहे. त्यात घराचं, पैशाचं काम तुमच्यावर सोपवलं आहे." आई म्हणाली, "कधी?" मग रडली. आवाज न करता, पदर तोंडाशी धरून, जशी ती कायम रडते. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले.

दहा मिनिटांनी डॉक्टरांनी विचारलं, "काकू, मी मघाशी तुम्हाला काय सांगितलं?"

ती बराच वेळ आठवत राहिली. "काहीतरी वाईट झालंय ना? कोणाचं झालंय?"

कागद गेला होता, घर गेलं होतं, बाबाही गेले होते. दुःख तेवढं राहिलं होतं. रात्री नऊपर्यंत ती या खोलीतून त्या खोलीत फिरत होती. कोणाला शोधते आहेस विचारलं तर सांगता येत नव्हतं.

पहिला दाखला नीट मागितला असता, तरी ही तपासणी टळली नसती. पण हे दुसऱ्यांदा करावं लागू नये, यासाठी आता जे करता येईल ते सगळं करायचं.

४ ऑगस्ट

दाखला मिळाला. दोन पानं. वकीलबाई पहिल्यांदाच हसल्या.

त्यात आईचं नाव, वय, ओळखपत्राचा प्रकार, २०१९ पासूनचा तपासणीचा इतिहास, मेंदूच्या एमआरआयचा अहवाल, संसर्गामुळे तपासणी पुढे ढकलल्याची नोंद (ही माझ्या मते सर्वांत मोलाची, कारण डॉक्टरांनी घाई केली नाही हे त्यातून दिसतं), गुण, घड्याळाचा कागद, प्रश्न आणि तिची उत्तरं तिच्याच शब्दांत. मत असं : एक्झिक्युटरच्या कामाचं स्वरूप त्या समजू शकत नाहीत, दिलेली माहिती दहा मिनिटंही टिकत नाही, त्यामुळे तुलना करून निर्णय घेणं शक्य नाही, सही करण्याची क्रिया शाबूत असली तरी तिच्यामागे संमती आहे असं मानता येणार नाही, ही अवस्था वाढत जाणारी आहे, सुधारणेची अपेक्षा नाही. शेवटी : पतीच्या निधनाची माहिती पुन्हा देऊन तपासणी करण्याची वैद्यकीय गरज नाही, तसं केल्याने रुग्णास त्रास होतो. खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक.

वकीलबाईंच्या सांगण्यावरून मानसोपचारतज्ज्ञांचंही स्वतंत्र मत घेतलं. त्यांनी पहिल्या दाखल्यातला शेवटचा परिच्छेद वाचून बाबांचा विषय काढला नाही. बँकेच्या ठेवीचं साधं उदाहरण घेऊन तपासलं. निष्कर्ष तोच.

१८ ऑगस्ट

दादा आला होता. मसुदा वाचताना एका जागी थांबला. कलम २४६ च्या इंग्रजी मजकुरात 'ल्युनॅटिक' असा शब्द आहे, १९२५ पासून तसाच. म्हणाला, "आईला कोर्टात वेडी ठरवायची? या कागदावर मी सही करू?"

जूनमधला तुटकपणा कशाचा होता ते आज कळलं. मी वाद घातला नाही, कारण मलाही तो शब्द टोचतो. वकीलबाईंना फोन लावला. त्यांनी सांगितलं की कलमाचा उल्लेख करावाच लागेल, पण आईचं वर्णन आपल्या शब्दांत करता येतं. नियम १५ मध्ये कोर्टाने विकल मनाची ठरवलेली व्यक्ती येते, आणि मनाच्या दुर्बलतेमुळे स्वतःच्या हिताचं रक्षण करू शकत नाही असं चौकशीत आढळलेली व्यक्तीही येते. याचिकेत दुसरे शब्द वापरले. "अर्जदाराच्या आई स्मृतिभ्रंशामुळे या प्रकरणात स्वतःच्या हिताचं रक्षण करण्यास असमर्थ आहेत."

दादाने ते वाक्य दोनदा वाचलं. मग आणखी एक ओळ घालायला सांगितली : मृत्युपत्र झालं तेव्हा आणि त्यानंतरही अनेक वर्षं त्या घराचा सर्व आर्थिक व्यवहार सक्षमपणे पाहत होत्या. कायद्याला त्या ओळीची गरज नव्हती. ठेवली.

१२ सप्टेंबर

याचिका दाखल. हयात साक्षीदारांचं प्रतिज्ञापत्र, मालमत्तेची यादी, दादाची संमती, दोन्ही दाखले, आणि माझं स्वतःचं प्रतिज्ञापत्र. त्यात मी रोजच्या नोंदींतून चौदा प्रसंग तारखेसह दिले आहेत : गॅस चालू राहणं, एकाच बिलाचे पैसे दोनदा देणं, आरशातल्या स्वतःला नमस्कार करणं. डॉक्टर एक तास बघतात, आपण चोवीस तास. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांनी अशी वही ठेवावी. ती पुढे कामी येते.

आईच्या वतीने पालक म्हणून मामाचं नाव सुचवलं. आईचा धाकटा भाऊ, मिळकतीत त्याला काहीही मिळायचं नाही, आणि ती अजून त्याला नावाने ओळखते. पालक नेमायला त्याची लेखी संमती लागते, ती जोडली.

९ ऑक्टोबर

कोर्टाच्या कार्यालयाकडून हरकती आल्या. एका ठेवीचा आकडा यादीत आणि बँकेच्या पत्रात वेगळा, मृत्यूच्या दाखल्यावर बाबांच्या नावात एक अक्षर कमी. दुरुस्त्या केल्या. दाखल्याबद्दल एकही हरकत नाही.

३० नोव्हेंबर

आज आईची चौकशी झाली. नियम १५ प्रमाणे कोर्टाला स्वतःची खात्री करून घ्यावी लागते. डॉक्टरांचा कागद महत्त्वाचा, पण निर्णय न्यायाधीशांचा. आईला प्रवासात फार त्रास होतो म्हणून व्हिडिओवरून बोलण्याची विनंती केली होती, ती मान्य झाली. मामा तिच्या शेजारी बसला, मी मागे.

वकीलबाईंनी सुरुवातीलाच दाखल्यातला तो परिच्छेद वाचून दाखवला. न्यायाधीशांनी मान हलवली आणि बाबांबद्दल काहीही विचारलं नाही. मराठीत, सावकाश, नाव विचारलं. आईने सांगितलं, माहेरचं. मुलं किती? "दोन, शाळेत गेलीत." पैशांचं कोण बघतं? "मीच बघते सगळं." हे तिने इतक्या ठामपणे सांगितलं की क्षणभर मलाच वाटलं, आता काय होणार.

त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. "घरात तुमची काळजी कोण घेतं?"

आईने वळून माझ्याकडे बोट केलं. "ही बाई. फार चांगली आहे. हिचा पगार वेळेवर द्यायला हवा."

न्यायाधीशांनी थोडं थांबून "देऊ हं" म्हटलं, आणि मामाला दोन प्रश्न विचारून चौकशी संपवली. पंधरा मिनिटंही झाली नाहीत. नंतर मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. मामा आईशी त्यांच्या लहानपणच्या विहिरीबद्दल बोलत बसला होता, आणि ती त्याला विहिरीला किती पायऱ्या होत्या ते सांगत होती.

१८ जानेवारी २०२४

मामाची नेमणूक झाल्याचा हुकूम हातात आला. त्याने आईच्या वतीने लेखी दिलं की मागणी तिच्या हिताची आहे आणि विरोध नाही. मूळ दाखल्याला सहा महिने होत आले म्हणून वकीलबाईंनी ताजं पत्र मागवलं. डॉक्टरांनी आईला पुन्हा पाहिलं आणि अवस्था सुधारलेली नाही एवढंच चार ओळींत दिलं. नवी चाचणी नाही.

१४ मार्च

लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन, मृत्युपत्र जोडून, आईच्या उपयोगासाठी आणि हितासाठी, मंजूर. कलम २९१ प्रमाणे बंधपत्र आणि जामीन द्यायचा आहे. जामीन म्हणून मावशीचे यजमान तयार आहेत.

एक नोंद स्वतःसाठी. हा हुकूम बाबांच्या मिळकतीपुरता आहे. आईच्या स्वतःच्या नावावरच्या खात्यांसाठी आणि तिच्या उपचारांच्या निर्णयांसाठी पालकत्वाचा अर्ज वेगळा करावा लागेल. १९८७ च्या जुन्या मानसिक आरोग्य कायद्यात मिळकतीसाठी व्यवस्थापक नेमण्याची तरतूद होती. २०१७ च्या कायद्यात ती घेतली नाही, त्यामुळे लोकांना उच्च न्यायालयापर्यंत जावं लागतं. वकीलबाई मसुदा करत आहेत. दाखल्याच्या मूळ प्रती मी दोनच केल्या होत्या. चार हव्या होत्या.

२२ एप्रिल

बंधपत्र स्वीकारलं, लेटर्स हातात. कलम ३१७ प्रमाणे सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षाच्या आत हिशेब कोर्टात द्यायचा. त्यासाठी आज नवी वही आणली. आईच्या जुन्या वह्यांत ती डावीकडे जमा आणि उजवीकडे खर्च लिहायची, महिन्याच्या शेवटी लाल शाईने बेरीज. तशाच रेघा आखल्या. ती शेजारी बसून बघत होती. दुसऱ्या पानावर माझी रेघ वाकडी गेली तेव्हा तिने पट्टी माझ्या हातातून घेतली, नीट लावली आणि दाबून धरून म्हणाली, "आता ओढ."